बारा व्होल्टांची बेअदबी

शिरसखेडच्या व्यंकटरावांना आयुष्यात दोनच गोष्टी नीट कळत होत्या: आपण कुणापुढं किती वाकायचं, आणि आपल्यापुढं कुणी किती वाकायचं. बाकी जगात जे काही ज्ञान म्हणून आहे ते त्यांनी याच मापानं मोजून घेतलं होतं. लढाई संपल्यावर सिकंदराबादेत लष्कराच्या मालाचा लिलाव झाला, तिथून त्यांनी एक रेडिओ आणला आणि त्याच्यासोबत ही भली दांडगी काळी बॅटरी आणली. चुडाव्याच्या स्टेशनावर ती उतरवताना हमालानं शिव्या घातल्या, बैलगाडीचा साटा कुरकुरला, आणि गावात येईपर्यंत व्यंकटरावांची मान वीतभर ताठ झाली होती.

बॅटरी भरायला पूर्णेला न्यावी लागे. तिथं एका जिनिंगमध्ये इंजिन होतं. तिथला मिस्त्री बोलका. त्यानं बॅटरीवर बोट ठेवून समजावलं, की हिच्या पोटात सहा घरं आहेत, एकेक घर दोन व्होल्टांचं, म्हणून ही बारा व्होल्टांची. व्होल्ट म्हणजे विजेचा जोर. मोट जितक्या उंचावर रिकामी करावी तितकं पाणी पाटात जोरानं धावतं, तसं. व्यंकटरावांनी मान डोलावली. मग मिस्त्रीनं पुढच्या आकड्यावर बोट नेलं. साठ अँपिअर-अवर, म्हणजे हौदात पाणी किती आहे ते, कारण नुसता जोर असून काय उपयोग, साठा नसला तर... इथं व्यंकटरावांच्या ध्यानात आलं, की आपण एवढे आलो आणि कुणी चहाचं विचारलं नाही. ते उठलेच. मिस्त्रीचं अर्धं बोलणं त्याच्या तोंडातच राहिलं.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारी माणसं असतात, हे तर पाव हळकुंडात रंगले. घरी येऊन त्यांनी बायकोला, कमलबाईंना, सांगून टाकलं, की व्होल्ट म्हणजे हुद्दा. शिपायाचा वेगळा, पेशकाराचा वेगळा, तसा बॅटरीचाही असतो, आणि आपला बारा आहे. कमलबाईंनी बॅटरी पुसता पुसता विचारलं, "अन् पुढं साठ लिव्हलंय ते वो काय?"

"ते असंच. कारखान्याचा नंबर असंल," व्यंकटराव म्हणाले आणि विषय मिटला.

खरं सांगायचं तर कमलबाईंना ना व्होल्टशी घेणं होतं ना हुद्द्याशी. रोज सकाळी त्या पेटीतून कुणीतरी बाई भैरवी म्हणे, आणि भाकरी थापता थापता त्यांचा हात त्या तालावर पडे. एवढं सुख त्यांना या घरात आधी कधी मिळालं नव्हतं, त्यामुळं बॅटरी जड असो की काळी असो, त्यांची ती लेकीसारखी झाली होती.

आता मुद्द्याचं. व्यंकटरावांचे चुलते आबासाहेब, गावचे मालीपाटील, चैत्रात वारले. पाटीलकी मोकळी पडली. हक्कदार दोघं: एक व्यंकटराव आणि दुसरा त्यांचा धाकटा चुलतभाऊ भुजंग. भुजंगाकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. एक काच तडकलेला कंदील, दोन बैल, आणि विचारल्याशिवाय न बोलण्याची सवय. ती सवय म्हणजे बावळटपणा, असं व्यंकटरावांचं पक्कं मत. तहसीलदारसाहेब दौऱ्यावर येणार, मुक्काम करणार आणि निकाल देऊन जाणार, असं कळलं. व्यंकटरावांनी मनात सगळं मांडून ठेवलं. साहेबांना आपल्या ओसरीवर गादीवर बसवायचं, हैदराबादच्या बातम्या ऐकवायच्या, साहेब विरघळणार आणि पाटीलकी चालत घरात येणार. पाटीलकीवाचून ते जगूच शकत नव्हते. रात्री झोपेतसुद्धा ते कुणाला तरी "उद्या कचेरीत ये" म्हणून दरडावत.

साहेबांच्या आधी त्यांचा शिपाई आला. कोंबड्या किती, तूप किती, कडबा किती, सगळं ठरवून झालं. तांब्याभर दूध पिऊन त्यानं मिशा पुसल्या आणि रेडिओकडं बघून सहज म्हणाला, की साहेबांच्या बंगल्यावरही असाच आहे, मात्र सहा व्होल्टांचा.

झालं. व्यंकटरावांच्या पायाखालची जमीन सरकली.

तुम्ही हसाल, पण हैदराबादच्या ज्या राज्यात ते राहत होते तिथं हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मागं एक सावकार साहेबांच्या भेटीला घोड्यावर बसून गेला. घोडा साहेबांच्या तट्टापेक्षा हातभर उंच. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं वर बघितलं. पुढं तो घोडा सरकारी कामाला लागला आणि सावकार गावी पायी आला. हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. मग सहाच्या साहेबाला बाराच्या पेटीपुढं बसवायचं म्हणजे गळ्यात आपल्याच हातानं दोर घालायचा.

रेडिओ लपवावा, तर शिपाई बघून गेला. दाखवावा, तर बेअदबी. विचार करून करून व्यंकटरावांना युक्ती सुचली. सहा घरं, एकेकात दोन व्होल्ट, आणि घरं एकमेकांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या तर वरूनच दिसत होत्या. त्यांनी तारेचा चिमटा शेवटच्या खुंटावरून काढला आणि तिसऱ्या घराच्या पट्टीला लावला. तीन दुणे सहा. रेडिओ लावला, तर काचेमागं विझत्या निखाऱ्याएवढा उजेड आला आणि आतून डास गुणगुणल्यासारखा आवाज. बाईची भैरवी काही येईना.

"अव्हो, त्याला पुरंना झालंय," कमलबाई कळवळून म्हणाल्या. "कामून त्याचा जीव घ्यायलाव?"

व्यंकटरावांना त्यात काही वावगं दिसलं नाही. मोठ्या माणसापुढं आवाज खालीच ठेवायचा असतो, पेटीनंही ठेवावा. त्यांना वेगळीच चिंता लागली होती. साहेबही सहा आणि आपणही सहा, म्हणजे मांडीला मांडी लावून बसल्यासारखंच झालं की. साहेबांच्या मोटारीचा फुफाटा वेशीबाहेर दिसला तशी त्यांनी धावत जाऊन चिमटा आणखी एक घर मागं आणला. चार व्होल्ट. वर हात जोडून बॅटरीलाच विचारलं, की आता ठीक आहे ना.

दारात उभ्या कमलबाईंनी कपाळाला हात लावला. "मंग सरळ तारच तोडून टाका की. शून्य व्होल्ट. त्याच्यावानी अदब न्हाई."

साहेब आले, जेवले, ढेकर दिली. दिवेलागणीला ओसरी माणसांनी भरली. व्यंकटराव ठेवणीतली शेरवानी घालून रेडिओशेजारी उभे, आणि भुजंग खाली जोड्यांपाशी आपला कंदील घेऊन बसलेला. साहेबांनी बातम्या लावायची खूण केली. व्यंकटरावांनी कळ फिरवली. काचेमागं काजवासुद्धा चमकला नाही.

मग व्यंकटरावांनी दोन्ही हात जोडून आपल्या मोडक्या उर्दूत सांगितलं, की हुजुरांपुढं बोलायची या गरीब पेटीची छाती नाही. साहेबांना वाटलं यंत्र बिघडलं. त्यांनी आपल्या ड्रायव्हरला, मेहबूबमियाँला, हाक मारली. मेहबूबमियाँ म्हणजे साहेबांच्या मोटारीवर बसून निम्मा साहेब झालेला गडी. त्यानं बॅटरीवरचं फडकं उचललं, दोन घरांवर लावलेला चिमटा बघितला आणि खो खो हसला. असला अडाणी कारभार आपण उभ्या जन्मात पाहिला नाही, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणून चिमटा उचलला. व्यंकटरावांनी झेप घेऊन त्याचं मनगट धरलं.

"मियाँ, चारवरच राहू द्या. पाया पडतो."

त्या ओढाताणीत बॅटरी कलली आणि बुचातून आतलं तेजाब, म्हणजे आम्ल, शेरवानीवर सांडलं. मेहबूबमियाँनं हात झटकून सोडवून घेतला आणि चिमटा शेवटच्या खुंटावर मारला. क्षणभरानं हैदराबाद अशा काही आवाजात बोलू लागलं की आढ्यावरची कबुतरं उडाली. ओसरी खूश झाली. साहेबसुद्धा खूश झाले, तक्क्याला रेलून मान डोलवू लागले. शेरवानीवर नुसता ओला डाग दिसत होता. व्यंकटरावांच्या जिवात जीव आला.

पण मेहबूबमियाँला गप्प बसवेल तर तो ड्रायव्हर कसला. "बारा व्होल्ट, हुजूर! लष्करी माल!"

साहेबांची मान डोलायची थांबली. "अपना कितना है?"

"छह व्होल्ट, हुजूर. लेकिन अपना अँपिअर-अवर..."

साहेबांनी हात वर केला. बारा हे सहापेक्षा जास्त असतात एवढं गणित त्यांना येत होतं, आणि तहसील चालवायला तेवढं पुरत होतं. पुढचा आकडा त्यांना नको होता. रेडिओ बडबडत राहिला, पण आता त्याचं कुणी ऐकेना. साहेबांची नजर ओसरीवर फिरत फिरत जोड्यांपाशी गेली. त्यांनी भुजंगाला विचारलं, तुझ्याकडं किती व्होल्ट आहेत?

"कंदील हाय, हुजूर," भुजंग म्हणाला. "त्याचीबी काच तडकलीय."

साहेब किती तरी वेळानं हसले.

सकाळी निकाल झाला. व्यंकटराव त्याच शेरवानीत, पोट आत ओढून उभे राहिले, आणि तेजाबानं रात्रभर आपलं काम केलेलं असल्यामुळं बरोबर बेंबीवर कापड गळून पडलं. शिपाई तोंड फिरवून हसला. पाटीलकी भुजंगाला गेली. शिवाय असला जोराचा रेडिओ खेड्यात ठेवणं धोक्याचं, तो कचेरीतच सुरक्षित राहील, असंही साहेबांनी ठरवलं. मात्र त्यांचं मन मोठं. बदल्यात ते आपली एक जुनी सहा व्होल्टांची बॅटरी पाठवणार होते. ती चालवायला रेडिओ कुठला, असं विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

पेटी मोटारीत चढवताना मेहबूबमियाँला थोडी दया आली असावी. तो म्हणाला, "व्यंकटराव, आमच्या साहेबांच्या बॅटरीवर एकशेवीस अँपिअर-अवर लिहिलंय. तुमच्या बॅटरीवर साठ. जोर तुमचा दुप्पट, साठा त्यांचा दुप्पट. गुणाकार केला तर माल एकच. काल तोंडानं एवढं म्हटलं असतं, की हुजूर, साठ्यात आम्ही तुमच्या निम्मेच..."

व्यंकटराव मटकन ओट्यावर बसले. आपण अडाणी ठरलो, याचं त्यांना काही वाटलं नाही. पण जन्मभर खुशामतीवर पोसलेल्या माणसाच्या हातून खुशामतीचा एवढा सोन्यासारखा मोका निसटावा, आणि तोही बॅटरीवर ढळढळीत लिहिलेला असताना! त्यांना खरंच रडू आलं.

"म्या इचारलं व्हतं," कमलबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते पाटीलकीसाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट भाकरी थापल्या आणि दोन करपल्या.

पुढं साहेबांची बॅटरी आली. आतल्या पाट्या सडलेल्या, तळाशी गाळ, तार लावली तर ठिणगीसुद्धा नाही. व्यंकटरावांनी ती चौरंगावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्यावरचा सहाचा आकडा दाखवू लागले. शिवाय सांगत, की बारा चालत नाहीत हे मी आधीच ओळखलं होतं, माझंच ऐकलं नाही कुणी. एवढं सगळं गमावून आपण बरोबर होतो याचा त्यांना अभिमानच होता.

एका संध्याकाळी नवे पाटील पहिल्यांदा गल्लीत आले. हातात तोच तडकलेला कंदील. व्यंकटरावांनी ओसरीवरून बघितलं. पाटलाकडं शून्य, आणि आपल्या चौरंगावर सहा! ते विळा घेऊन धावले, आकडा खरवडला आणि त्याच्या जागी कोळशानं भलामोठा शून्य काढला. मग कंबरेत वाकून, ज्याला काल-परवापर्यंत "ए भुजंग्या" म्हणत होते त्याला म्हणाले, "या पाटील, तुमी वर बसा."

त्या मेलेल्या बॅटरीवर खरा आकडा यायची ती पहिलीच वेळ.