पाणीसाहेबांच्या घरचं पाणी

तिच्या सासऱ्यांनी सगळी नोकरी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात काढली होती. निवृत्त झाल्यावरही गल्ली त्यांना पाणीसाहेबच म्हणायची. नळाला पाणी कमी आलं, गढूळ आलं, की लोक खात्याला फोन करण्याआधी त्यांचा जिना चढायचे. साहेबांनाही ते आवडायचं. आलेल्याच्या हातातला ग्लास ते उजेडात धरायचे, निरखून बघायचे आणि म्हणायचे, "उगाच गॅस जाळू नका. आमच्याकडून पाणी शुद्धच निघतं." त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

गंमत अशी, की साहेब स्वतः घरात जे पाणी प्यायचे ते उकळलेलं असायचं, आणि हे फक्त त्यांच्या सुनेला ठाऊक होतं.

तिची मुलगी वरचं पाणी प्यायला लागली तेव्हाची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी पाणी उकळून द्यायला सांगितलं, म्हणून तिने पातेलं शेगडीवर चढवलं, आणि सासरे दुखावले. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "म्हणजे मी जन्मभर शहराला विष पाजलं म्हणायचं," एवढंच ते बोलले आणि दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाहीत. नवरा म्हणाला, जाऊ दे, बाबांचं मन कशाला मोडतेस.

तिने मन मोडलं नाही, पण उकळणंही सोडलं नाही. सासरे सकाळी फिरायला गेले की ती पाणी उकळायची आणि आदल्या दिवशीचं गार झालेलं पिंपात भरायची. उकळलेलं पाणी बेचव लागतं, म्हणून ते या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून ओतायची. हवा मिसळली की चव परत येते. सासऱ्यांना कधी संशय आला नाही. उलट पाहुण्यांना ते सांगायचे, की आमच्या केंद्राचं पाणी मी डोळे मिटून चवीवरून ओळखतो. सून मान वळवून हसू गिळायची. मुलगी कॉलेजात जाऊ लागली तोवर हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं, की आपण काही लपवतोय याचाही सुनेला विसर पडला होता.

मग गल्लीत कावीळ शिरली. आधी समोरच्या इमारतीतला टॅक्सीवाला आडवा झाला, पाठोपाठ इस्त्रीवाल्याची दोन्ही मुलं. आरोग्य केंद्राची नर्स दारोदार फिरून, पाणी उकळून प्या, असं सांगून गेली. लोकांनी तिचं ऐकून घेतलं आणि खरं-खोटं करायला पाणीसाहेबांना गाठलं. साहेब जिन्यातच उभे राहिले.

"बाहेरचं काही खाल्लं असेल," ते म्हणाले. "माझ्या घरात बघा ना. चार माणसं याच नळाचं पाणी पितात. आहे कुणाला काही?"

सून त्यांच्या मागे दारात उभी होती. लोकांनी माना डोलावल्या. तळमजल्यावरची शिलाईवाली पोटुशी होती. ती हसून म्हणाली, बरं झालं बाई, दिवसभर मशीन चालवायचं की पाणी उकळत बसायचं. सुनेच्या जिभेवर शब्द आले होते. पण चारचौघांत सासऱ्यांना खोटं कसं पाडायचं? हिला संध्याकाळी एकटीला गाठून सांगू, असं तिने ठरवलं. संध्याकाळी नणंद आली आणि ते राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. मग ते नुसतं मनात टोचत राहिलं.

महिना उलटला नाही तोच शिलाईवालीचे डोळे पिवळे झाले. गरोदरपणात ही कावीळ जिवावर बेतते, असं म्हणून नर्सने तिला तातडीने मोठ्या दवाखान्यात हलवलं.

त्या दुपारी सून सासऱ्यांसमोर येऊन बसली.

"बाबा, आपल्या घरात नळाचं पाणी तसंच कुणी पीत नाही. मी उकळते."

त्यांनी वर्तमानपत्रातून डोळे न काढता विचारलं, "या साथीपासून?"

"मुलगी लहान होती, तेव्हापासून."

वर्तमानपत्र खाली आलं. "म्हणजे मी पितो तेही?"

"तेही."

आता उठून खोलीत जातील आणि दार लावून घेतील, असं तिला वाटलं. पण ते तिथेच बसून राहिले. मग स्वतःशी बोलावं तसे बोलू लागले. केंद्रातून पाणी शुद्धच निघायचं, त्याची शपथ आजही घेईन, म्हणाले. पण तिथून नळापर्यंत जमिनीखाली मैलोन्‌मैल जुने पाइप. ते आपलं काम नव्हतं, म्हणून त्यांचा विचारच कधी केला नाही. मग त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"तू थांब. बोललो मी होतो."

"आणि गप्प मी बसले होते," ती म्हणाली आणि त्यांच्या मागोमाग निघाली.

प्रत्येक दारात साहेबांनी तेच सांगितलं. माझ्या घरात पाणी उकळलेलं असतं, मला माहीत नव्हतं, माझं ऐकू नका, उकळूनच प्या. कुणी म्हणालं, साहेब, दिव्याखालीच अंधार. टॅक्सीवाल्याच्या बायकोने तोंडावर दार लावलं. इस्त्रीवाला मान खाली घालून इस्त्री फिरवत राहिला. त्याच्या दारातून साहेबांचा पाय लवकर निघेना.

परत आल्यावर त्यांनी खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले आणि ते येईपर्यंत त्यांची पाठ सोडली नाही. रस्ता खणला तेव्हा कळलं, पाण्याचा पाइप गटाराला खेटून गेला होता आणि त्याचा सांधा गंजून फुटला होता. पाणी बंद झालं की गटारातलं आत ओढलं जायचं. पाइप बदलला. त्यानंतरही काही जण आजारी पडले, मग हळूहळू साथ ओसरली.

शिलाईवाली वाचली. बाळ दिवस भरायच्या आधीच आलं, कित्येक दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिलं, पण तगलं. दोघं घरी आल्यावर सून भेटायला गेली. मशीनवर कापडांचा ढीग पडून होता. शिलाईवालीने तिला बसायला खुर्ची दिली.

"ताई, तुम्ही तेव्हाही उकळत होतात ना?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

सुनेने येताना मनात बरंच काही जुळवलं होतं. ते सगळं तिने बाजूला ठेवलं.

"घरात वाद नको म्हणून," ती म्हणाली.

शिलाईवाली बाळाच्या अंगावरचं पांघरूण उगाच सारखं करत राहिली.

"पुढच्या वेळी होऊ दे वाद," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता, पण माफीही नव्हती. निघताना सुनेने विचारलं, पुन्हा येऊ का? शिलाईवालीने आधी बाळाकडे पाहिलं.

"या," ती शेवटी म्हणाली. "पण दुपारनंतर या. सकाळी हा झोपलेला असतो."