बर्फाला घाम फुटेपर्यंत

"मॅडम, अडतीस भाग झाले. अडतीस! आणि तुमच्या हिरोनं अजून हिरॉईनचा हातसुद्धा धरला नाहीये," खुशबू फोनवर म्हणाली. "ह्या दोघांत केमिस्ट्रीच नाही असं वाटतं हो वाचताना."

खुशबू पुण्यात गोष्टींच्या एका ॲपमध्ये संपादक आहे. वय असेल पंचवीस. मी माधवी, वय एकोणचाळीस, जिवतीच्या डोंगरातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स. लशीचा फ्रीज माझ्या ताब्यात असतो, आणि त्यातून वेळ उरला की मी तिच्या ॲपवर प्रेमकादंबरी लिहिते. त्यातला रोशन टपाल वाटतो आणि पुनम पोस्टाच्या खिडकीत बसते.

"धरेल धरायचा तेव्हा," मी म्हटलं. "तुला काय घाई आहे?"

"मला नाही, वाचकांना आहे. तुम्हाला तक्ता पाठवला होता ना? पाचव्या भागात नजरानजर, दहाव्यात पहिला स्पर्श, पंधराव्यात गैरसमज, पंचविसाव्यात कबुली. तुमचा रोशन अडतिसाव्या भागातही नुसता बाकावर बसून राहतो. उद्या संध्याकाळपर्यंत कबुलीचा भाग पाठवा, नाहीतर कथा बंद होईल."

बाळंतिणीचा डाएट लिहून द्यावा तसा प्रेमाचा तक्ता. माझं डोकंच फिरलं. पण तिला खरी अडचण सांगता येत नव्हती. रोशननं हात धरला नव्हता, कारण धनराजनं धरला नव्हता. पुढे काय होतं ते मला ठाऊकच नव्हतं, तर लिहू काय, कपाळ? खोटं लिहिता येत नाही असं नाही. नवऱ्याकडे होते तेव्हा तीन वर्षं माहेरी 'मी सुखात आहे' असंच लिहीत होते.

धनराज आमच्या केंद्रातून डोंगरातल्या गुड्यांवर, छोट्या पाड्यांवर, लशीचा डबा पोहोचवतो. फटफटीवर, पाठीला डबा बांधून, दर मंगळवारी. डब्यात चार बाजूंना बर्फाचे चार पॅक लागतात, आणि ते फ्रीझरमधून काढून लगेच भरायचे नसतात. भरले तर लस गोठते आणि वाया जाते. पॅक टेबलावर मांडायचे, त्यांना घाम फुटू द्यायचा, मग एकेक कानाशी धरून हलवायचा. आत पाणी वाजलं की भरायचा, पण बर्फाचं सगळंच पाणी होऊ द्यायचं नाही. ह्याला वीस मिनिटं लागतात. थंडीत अर्धा तास.

ती वीस मिनिटं तो माझ्यासमोर बसायचा. नऊ वर्षं. पहिलं वर्षभर तो काही बोललाच नाही. दुसऱ्या वर्षी कधीतरी त्यानं एक पॅक माझ्या कानाशी धरून हलवला आणि म्हणाला, "आयका." उन्हाळ्यात टेंभरं, तेंदूची पिवळी फळं, आणायचा, पळसाच्या पानात बांधून, आणि टेबलावर ठेवून कुणी दुसऱ्यानंच ठेवल्यासारखा खिडकीबाहेर बघायचा. माझी आई, बायनाबाई, गेली तेव्हा तो मंगळवार नसताना आला. घरी येऊन त्यानं चार गुंड भरून पाणी आणलं आणि चहा न घेता गेला. हे सगळं मी कादंबरीत लिहिलं. खुशबूनं त्यावर शेरा मारला, 'इथे काहीच घडत नाही'.

खुशबूचा हा फोन सोमवारी रात्री आला, आणि दुसऱ्या दिवशीचा मंगळवार शेवटचा होता. पुढच्या आठवड्यापासून लस पोहोचवायला जिल्ह्याची गाडी येणार होती. धनराज बुधवारी राज्याच्या सीमेपलीकडे असिफाबादला निघणार होता, मेहुण्याच्या कापसाच्या जिनिंगवर ड्रायव्हर म्हणून. म्हाताऱ्या आईला त्यानं आधीच पुढे पाठवलं होतं. म्हणजे माझ्या हातात अर्धा तास होता. जन्मभराचं त्यात उरकायचं होतं. मी ठरवलं, उद्या खुशबूचा तक्ता पाळायचा.

मंगळवारी सकाळी आठ वाजता फटफटी वाजली.

"नमस्ते सिस्टर. थंडी लय हाय आज."

"बसा धनराजभाऊ." मी पॅक काढून ट्रेमध्ये मांडले.

"थंडीनं टाइम लागन आज," तो म्हणाला.

"लागू द्या की. कुठं आग लागली आहे?"

तो हसला आणि मफलर सोडून बसला. मी रात्रभर पाठ केलेलं वाक्य काढलं. "तिकडं गेल्यावर इथली आठवण येईल का?" हे वाक्य पुनमच्या तोंडी असतं तर मीच खोडलं असतं.

"येईन ना. घाट आठवन. रस्ता खराब हाय, पन सवय झाली."

"आणखी?"

"सोमारीच्या घरचा चहा," तो म्हणाला. सोमारी म्हणजे वरच्या गुड्यावरची आशा सेविका. साठीची बाई. हिच्या चहाची आठवण येणार, आणि माझी? मला हसावं की त्याच्या डोक्यात ट्रे घालावा कळेना.

तेवढ्यात डॉक्टरांनी त्याला ओळखपत्र जमा करायला हाक मारली. तो आत गेला. मी एक पॅक हलवून पाहिला. पाणी वाजलं. वेळ झाली होती.

आता जे केलं ते सांगायची मला लाज वाटते. मी ट्रे उचलला आणि व्हरांड्यात उन्हात नेऊन ठेवला. नऊ वर्षांत ज्या बाईनं फ्रीजच्या तापमानाची एक नोंद चुकवली नाही, तिनं. डॉक्टर बोलघेवडे. धनराज बऱ्याच वेळानं सुटला. तोवर मी ट्रे परत टेबलावर आणला होता. त्यानं एक पॅक उचलला, कानाशी नेला, मग दुसरा.

"सिस्टर, हे तं सारं पानी झालं."

"हो का? बाई गं. नवे काढते मग."

मी नवे दगडासारखे पॅक मांडले. आणखी अर्धा तास मिळाला. आणि माझा फोन वाजला.

"सिस्टर, लस कुठी हाय?" सोमारी ओरडत होती. "अकरा लेकरं घेऊन बाया बसल्या हायेत. कापूस येचाले बलावनं येऊन राह्यलं त्याइले. रोजी बुडन म्हनतेत."

"निघतोच आहे, सोमारीबाई. थांबवून धरा त्यांना."

"किती थांबवू? येक तं उठलीच."

फोन मोठ्यानं बोलणारा. धनराजनं सगळं ऐकलं. त्यानं टेबलावरच्या पॅककडे पाहिलं. करण्यासारखं काही नव्हतं. तसेच भरले असते तर लस वाया गेली असती. दोघं समोरासमोर बसलो. वेळ मी चोरून आणला होता आणि तो पॅककडे बघण्यात चालला होता. फोन पुन्हा वाजला. मी उचलला नाही. तिसऱ्यांदा वाजून बंद झाला.

"सिस्टर," तो खाली बघूनच म्हणाला, "ट्रे उनात कोनं ठेवला?"

"मी."

"काऊन?"

"तुम्ही जाऊ नये म्हणून."

झालं. कबुलीला एवढंच लागतं. मी रडले नाही. धनराजनं मफलरच्या टोकानं एका पॅकवरचा घाम पुसला. पुसायची काही गरज नव्हती.

"खालच्या केंद्रावर डबा नेनारा पोरगा पाच मिंटात निंगते," तो म्हणाला. "तिथची सिस्टर प्याक आधीच काढून ठेवते. तो यायच्या आधी. तुमी कधीच आधी काढून ठेवले नाई."

मी मान खाली घातली.

"अन् मीबी कधी म्हटलं नाई, का सिस्टर, आधी काढून ठेवत जा. मले का समजत नोतं का?"

नऊ वर्षं! ह्या माणसाला सगळं समजत होतं, आणि मी इकडे जीव जाळत होते. मला त्याचा राग आला, आणि तितकाच आनंदही झाला.

"मग जाऊ नका," मी म्हटलं. "धनराज, जाऊ नका ना."

मी भाऊ म्हटलं नाही. ते त्याला कळलं. त्याचा हात थांबला.

"आईले सांगून पाह्यलं होतं म्या. दोन वर्सं झाले. तीन दिवस जेवली नाई ते. तुमी पाह्यलं हाय तिले."

पाहिलं होतं. एकदा ती दवाखान्यात आली होती. गोळी माझ्या हातून घेतली, पण पाणी स्वतःच्या बाटलीतलं प्यायली. आम्ही बौद्ध, ते कुणबी. ती वाईट बाई नव्हती. मला 'पोरी' म्हणाली होती. पाणी मात्र नाही.

"एक्याऐंशी वर्साची हाय. तिच्या मरनाची वाट पाहू का मी? तसं बसनं जमत नाई सिस्टर. अन् इथी येऊन दर मंगळवारी बसनंबी आता होत नाई माह्यानं. गाडी सुरू झाली थे बरंच झालं."

"बरं झालं?"

"नाई झालं," तो म्हणाला. त्यानं पॅक कानाशी नेला, हलवला. "वाजलं."

मी डबा भरून दिला. पाठीला पट्टा लावून तो दारात थांबला. "येक सांगतो. राग नका धरू. लेकराइच्या टायमातून नोतं घ्याले पाहिजे."

राग कसला धरणार? मी तिथंच मेले. दुपारी दोनला तो परत आला तेव्हा लशीच्या कुप्या होत्या तशाच होत्या. एकही बाई थांबली नव्हती. सगळ्या पोरं पाठीला बांधून कापसाच्या वावरात निघून गेल्या होत्या.

"उद्या साताच्या आत वरतं पोचलो तं भेटतीन," तो म्हणाला. "मी नेतो. मंग तिकडूनच उतरतो असिफाबादले."

"उद्या तुमची नोकरी नाही."

"नसू द्या."

संध्याकाळी मी एकोणचाळिसावा भाग एका बैठकीत लिहिला. पुनम टपालाची थैली लपवून ठेवते आणि रोशन विचारतो, कोणी लपवली. पाठवून अर्धा तास झाला नाही तोच खुशबूचा फोन.

"मॅडम, वाचताना काटा आला. पण कबुली कुठे आहे? तो प्रेम आहे म्हणतच नाही."

"म्हणाला की."

"कुठे?"

"पुन्हा वाच."

 बहुतेक तिनं खरंच पुन्हा वाचलं. मग हळू आवाजात म्हणाली, "बरं, राहू द्या असंच. पण शेवटी ते एकत्र येतात ना? वाचकांना थोडी तरी आशा द्या हो."

"माझ्याकडेच नाही, तर त्यांना कुठून देऊ? उसनी आणू?" मी खेकसले आणि फोन ठेवला. त्या पोरीचा काय दोष? मग मी दार लावून घेतलं आणि आई गेली तेव्हाही रडले नव्हते तशी रडले. तो जाणार होता, आणि आता कळलं होतं की जायचं नसूनही जाणार होता.

बुधवारी पहाटे साडेपाचलाच मी केंद्रावर गेले. पॅक काढले, मांडले, आणि समोर एकटीच बसले. बाहेर धुकं होतं. पॅकना घाम फुटायला सव्वासहा झाले. एकेक हलवला, पुसला, डब्यात भरला. मधोमध कुप्यांची पिशवी. झाकण लावलं आणि डबा घेऊन फाटकाशी जाऊन उभी राहिले.

तोही लवकर आला होता, बसायला वेळ मिळावा म्हणून. फटफटी बंद करून उतरला, मफलर सोडायला लागला, आणि माझ्या हातातला डबा पाहून तसाच उभा राहिला.

"आधीच काढले का?"

"हो. बाया निघून जायच्या आत पोहोचा."

त्यानं मान हलवली आणि मफलर पुन्हा बांधला. डबा घ्यायला हात पुढे केला. पट्टा माझ्या मुठीत होता. ओढून घेतला असता तर सुटला असता, पण त्यानं ओढला नाही. मी सोडेपर्यंत तसाच उभा राहिला. मी वेळ लावला. मला त्याला थांबवायचं होतं, सगळ्या जिवानिशी. मग मी मूठ उघडली.

"येतो, माधवी," तो म्हणाला आणि गेला.

साडेआठला सोमारीचा फोन आला. "सिस्टर, अकराच्या अकरा झाले. येकबी नाई सुटला."

"धनराजभाऊ?"

"थे गेले ना तिकडून. डबा जीपवाल्याजोळ देला त्याइनं."

दुपारी जीपवाल्यानं डबा आणून टेबलावर ठेवला. परत आलेला डबा पुसून, झाकण उघडं ठेवून वाळवायचं काम माझं. मी झाकण काढलं. डबा आतून कोरडा होता. चारही पॅक पुसून एकावर एक ठेवलेले होते. कोपऱ्यांतसुद्धा पाण्याचा थेंब नव्हता.

मी फडकं घेतलं आणि कोरडाच डबा पुन्हा पुसला.