साहेबाच्या नावेतली गादी

रामाकोन्याच्या घाटावर चालणारी चिंधूची नाव मूळची त्याची नव्हती. ती एका गोऱ्या साहेबाची. थंडीत कन्हानवर बदकं मारायला साहेब यायचा आणि चिंधू वल्हं मारायचा. राज्य गेलं तसा साहेबही गेला. नाव तेवढी चिंधूपाशी राहिली. आत दोन बाजूंना दोन बाक होते आणि त्यांवर साहेबाच्या हौसेच्या चामडी गाद्या. दहा वर्षांत चामडं तडकलं, उंदरांनी आत बिऱ्हाडं थाटली आणि काथ्याचे झुपके बाहेर लोंबू लागले. गादीत मुरलेलं पाणी उन्हाळ्यातसुद्धा पुरतं वाळत नसे. मोठी माणसं आपली उभ्यानंच नदी ओलांडत. पोराटोरांना मात्र चिंधू उभं राहू देत नसे. "बसा रे, नाहीतर माशाईले जेवण होईन," असं दरडावून तो त्यांना त्या ओल्या बाकावर कोंबायचा.

पंचफुलेचा जीव त्या बाकात अडकला होता. तिची वच्छला चौथी पास झाली होती. नदीच्या अलीकडे त्यांची वस्ती; तिथली शाळा चौथीवर संपायची. पाचवी पलीकडे, रामाकोन्याला. नागपूर मुंबईच्या राज्यात गेलं आणि आपण भोपाळकडे राहिलो, याला अजून वर्षही झालं नव्हतं. पारावर माणसं रोज त्याचाच वाद घालत. पंचफुला तो वाद ऐकत पाणी भरायची आणि मनात म्हणायची, या राज्यात काय नि त्या राज्यात काय, पाचवी तर नदीच्या पलीकडेच आहे.

शाळा सुरू झाली आणि आठवडाभरातच वच्छला रडत घरी आली. परकर मागून ओलाचिंब, त्याला काथ्याचे तुकडे चिकटलेले. वर्गातल्या पोरी हसल्या होत्या.

"झालं?" तिचा बाप गुणवंता म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. संत्र्याच्या कलमावर मुंगी चढली तरी त्याला झोप लागत नसे, तर पोरीचं काय. "पोट्टी ओल्या परकरानं भर बाजारातून जाऊन राहिली. लोक पाहतात. मले नाही चालत हे. पुरे झाली शाळा."

"अन् कोरडी गेली तं?"

"कोरडी गेली तं जाऊ दे. पण चिंधूच्या नावेत कोण कोरडं गेलं हाय आजवर?"

पंचफुलेनं तेवढाच शब्द धरून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी ती घाटावर गेली आणि चिंधूला म्हणाली, "भाऊ, तुह्या नावेची गादी मी नवी करून देतो."

"साहेबानं कलकत्त्याहून आणली होती वो बाई ती," चिंधू म्हणाला.

"मंग साहेबालेच बोलाव बसाले."

चामडं फाडून काढलं तेव्हा आतून उंदराची तीन पिल्लं आणि साहेबाचं एक पितळी बटण निघालं. खाली नुसत्या गंजलेल्या स्प्रिंगा. चिंधूनं त्यांवर फळ्या ठोकून पाहिल्या. पण तळात साचलेलं पाणी प्रत्येक हेलकाव्याला फटींतून वर उडायचं. गादी हवीच होती.

आता गादीत भरायचं काय, हा प्रश्न त्या मुलखात कोणाला पडायचं कारणच नव्हतं. पंचफुलेचा भाऊ यशवंतराव पांढुर्ण्याला कापसाची दलाली करायचा. भाचीच्या शाळेचं ऐकून त्यानं सरकी काढलेला, पांढराशुभ्र कापूस पाठवला नाही, स्वतः बैलगाडीत घालून आणला. "पांढुर्ण्याचा माल हाय बाई," मूठभर कापूस ओढून तार दाखवत तो म्हणाला. "राणीच्या गादीत नसन असा. बसन तं माही भाची यावरच बसन."

पंचफुलेनं मेणकापडाची खोळ शिवली, कापूस दाबून भरला, मधे मधे जाड टाके घातले. गादी अशी टच्च झाली की चिंधू स्वतः तिच्यावर बसायला लाजला. पहिल्या दिवशी वच्छला कोरडी गेली, कोरडी आली. यशवंतराव मिशीला पीळ देत पांढुर्ण्याला परतला.

मग पावसाची झड लागली. टाक्यांच्या भोकांतून कापूस गुपचूप पाणी पीत राहिला. वरून मेणकापड कसं चकचकीत. पण वच्छला बसली की चारी बाजूंनी पाणी पिळून वर यायचं. नाव एका अंगाला कलू लागली.

"वो बाई," चिंधू काठावरूनच ओरडला, "ही गादी नोय, म्हैस हाय! दोघं लागतात उचलाले!"

घाटावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती शेजारची देवकाबाई. "कापसाच्या गावची पोरगी, अन् कापूस पाणी पेते हे ठाऊक नाही?" पण ते तिलाही कालपर्यंत सुचलं नव्हतं.

गुणवंता हसला नाही. त्यानं वच्छलेची पुस्तकं फडक्यात बांधून फळीवर ठेवली. "उद्याचा दिवस जाऊ दे तिले," पंचफुला म्हणाली. "एकच दिवस." त्यानं फडकं खाली काढून सोडलं.

सकाळी दुसरं काही सुचेना म्हणून पंचफुलेनं पेटी उघडली. आत वच्छलेच्या आंदणाच्या चार उश्या होत्या, खोळींवर मोर काढलेल्या. पंचफुलेच्या आईनं दर चैतात सावरीच्या झाडाखाली फिरून, बोंडांतून उडणारी रेशमी म्हातारी पदरात धरून त्या भरल्या होत्या. त्यांच्यात नातीच्या उश्या आजीनंच भरायची रीत. आजी आता नव्हती. पंचफुलेनं एक उशी काढली, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि लेकीच्या हाती दिली. "हिच्यावर बस. सांभाळ."

मधल्या धारेत नाव हेलकावली आणि उशी पोरीच्या खालून निसटून पाण्यात पडली.

काठावर उभी पंचफुला पाण्याशी धावली. उशी बुडेल म्हणून ती बघत राहिली. उशी बुडेना. लुगड्याचा तुकडा सुटून गेला आणि मोर वर, अशी ती बदकासारखी डुलत खाली खाली चालली. चिंधूनं पोरीला पलीकडे सोडलं, नाव वळवली आणि बऱ्याच खाली, बाभळीत अडकलेली उशी वल्ह्यानं ओढून आणली.

"धरा तुमचं बदक," तो म्हणाला. "साहेब असता तं गोळी घातली असती."

पंचफुलेनं तिथंच दातानं शिवण तोडली. खोळ ओली होती. आतली सावरी हाताला कोरडी, ऊबदार लागली. वाऱ्याबरोबर तिचे चार तंतू उडालेसुद्धा. ती तशीच ओल्या वाटेनं घरी पळाली.

गुणवंता दुपारी बागेतून आला तेव्हा चारही उश्या उसवून पडल्या होत्या आणि बायकोच्या केसांत, भुवयांत, चुलीवरसुद्धा सावरी चिकटली होती.

"येडी झाली का?" तो म्हणाला. "आंदणाच्या उश्या! मायनं भरलेल्या! पोरीच्या लग्नात काय देशीन?"

"सावरी दरसाल फुटते जी," मान वर न करता पंचफुला म्हणाली. "खोळी ठेवल्या हायेत. पुढच्या चैतात मी भरतो. पाचवी काही दरसाल येत नाही."

गुणवंता दारातून आत आला. मग खाली बसला आणि कापूस काढलेल्या मेणकापडाच्या खोळीचं तोंड तिच्यासाठी धरून ठेवलं, सावरी उडू नये म्हणून.

चार उश्यांत एका बाकाचीही गादी पुरती भरेना. संध्याकाळी देवकाबाई आली. बगलेत सावरीची एक जुनाट उशी. "हसली मी, खरं हाय," ती म्हणाली. "पण माह्या नातीलेही पुढच्या वर्षी तिकडंच जाणं हाय. घे."

सकाळी पाऊस होताच. चिंधूनं नवी गादी एका हातानं उचलून बाकावर ठेवली, तळातलं पाणी तिच्यावर उडालं, त्यानं ते फडक्यानं पुसलं. वच्छला चढणार इतक्यात गुणवंता म्हणाला, "थांब." आणि बाजाराला जायचं म्हणून नेसलेल्या पांढऱ्या धोतरानिशी तो स्वतः गादीवर बसला. वच्छला त्याच्या शेजारी बसली. पुस्तकांचं फडकं त्यानं मांडीवर घेतलं आणि दोघांवर छत्री उघडली.

पंचफुला काठावर उभी. नाव धारेतून गेली, एकदा कलली, पलीकडे लागली. पावसात तिला नीट दिसेना. बापलेक उतरले. वच्छला रस्त्याला लागली, पण गुणवंता तिथंच थांबला. घाटावरची सगळी माणसं बघत असताना, असा लाजाळू माणूस, त्यानं अलीकडे पाठ केली, छत्री बाजूला ठेवली आणि धोतराचा मागचा भाग दोन्ही हातांनी ताणून बायकोला दाखवला.

पांढरं, कोरडं ठणठणीत.

"दिसलं का?" तो पलीकडून ओरडला.

"दिसलं जी," पंचफुला ओरडली. "आता छत्री घ्या डोक्यावर!"