विदरफर्डच्या सात जागा

विदरफर्डमध्ये मी सव्वीस वर्षं राहते आणि त्यातली एकोणीस वर्षं गावच्या पंचायतीची चिटणीस आहे, म्हणून मला इथं अजून 'नवीन बाई' म्हणतात. जुनं व्हायला काय करावं लागतं, असं मी एकदा पबमध्ये विचारलं होतं. डुकरं पाळणाऱ्या लेन मॉक्सननं बिअरचा घोट घेतला, बराच विचार केला आणि सांगितलं, "आजोबा इथल्या मातीत पाहिजेत, हेस्टर." माझे आजोबा लीड्सच्या मातीत आहेत आणि तिथं सुखात आहेत.

माझं सोडा. विनिफ्रेड टॅरंट ही त्र्याऐंशी वर्षांची बाई इथं बासष्ट वर्षं राहते आहे, पण तिला अजून 'ती स्निथबीची' म्हणतात. स्निथबी म्हणजे ओढ्यापलीकडचं गाव, चालत पस्तीस मिनिटं. ओढा असा की लेनची एक डुकरीण दर उन्हाळ्यात तो ओलांडून जाते आणि जेवायच्या वेळेला परत येते. विनिफ्रेड तो ओलांडून आली ती सिरिल टॅरंटशी लग्न करून. सिरिलनं अठ्ठावन्न वर्षं चर्चची घंटा वाजवली आणि तीन वर्षांपूर्वी तो गेला. चर्चमागच्या पंचायतीच्या दफनभूमीत तो आहे. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. विनिफ्रेड दर मंगळवारी तिथं जाते, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं गवत कापते आणि त्या रिकाम्या जागेवर डबा ठेवून सँडविच खाते. तिला या जगाकडून दुसरं काही नको होतं. फक्त ती जागा हवी होती.

दफनभूमीत एकूण सात जागा उरल्या होत्या. तेवढ्यात मेजर ऑब्री स्टॉट यांचं पुस्तक आलं.

मेजर आमच्या पंचायतीचे अध्यक्ष. 'विदरफर्ड: एक हजार वर्षं' हे गावाचा इतिहास सांगणारं पुस्तक त्यांनी नऊ वर्षं खपून लिहिलं. त्या हजार वर्षांपैकी साडेनऊशे वर्षं गावात काहीच घडलेलं नाही, आणि त्यावर मेजरनी दोनशे पानं लिहिली आहेत. मुखपृष्ठावर सिरिलचा फोटो, हातात घंटेचा दोर, खाली शब्द: 'अस्सल विदरफर्डकर'. आत कुठंतरी सोळाशे बारा सालचा एक ठराव होता, की परक्याची हाडं गावच्या मातीत ठेवू नयेत. बाकीच्यांनी तो गंमत म्हणून वाचला. मेजरनी हुकूम म्हणून वाचला.

मार्चच्या सभेत ते उभे राहिले. "सात जागा आहेत. उद्या लंडनचे लोक येऊन झोपतील त्यात. या जागा फक्त गावात जन्मलेल्यांना द्याव्यात, असं मी मांडतो. आणि नुसतं तोंडानं सांगून चालणार नाही, जन्माचा दाखला लागेल."

सगळे हात वर गेले. विनिफ्रेड मागं चहाच्या बंबापाशी होती. तिनं हात वर केला नाही, कारण तिच्या दोन्ही हातांत किटल्या होत्या. मग तिनं सगळ्यांना चहा दिला. मेजरना दोन चमचे साखर लागते, ती घालून दिली.

कपबश्या विसळताना ती मला हळूच म्हणाली, "हेस्टर, मग मला कुठं ठेवणार गं हे लोक?"

मला इतका राग आला होता की पंचायतीची एक बशी माझ्या हातून फुटली. हातून फुटली, असं मी नोंदवलं आहे.

एप्रिलअखेर एकतीस अर्ज आले. मरायची कोणालाच घाई नव्हती, पण रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि कशाची आहे ते मागाहून विचारायचं, ही आमच्याकडची रीत. मी पाकिटं उघडायला बसले. पहिला लेन मॉक्सन. जन्मस्थळ: स्टॅनवेल प्रसूतिगृह. दुसरा अर्ज, स्टॅनवेल प्रसूतिगृह. तिसरा, तेच. सातव्या पाकिटाला मी उठून चहा ठेवला आणि बाराव्याला मला एकटीलाच हसू फुटलं. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं या गावात कोणी घरी बाळंत झालेलंच नाही. कळा सुरू झाल्या की गाडी काढायची आणि अकरा मैलांवरचं स्टॅनवेल गाठायचं. हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि हात वर करताना एकालाही आठवलं नव्हतं. विसाव्या पाकिटात मेजर स्वतः होते. जुन्या रेक्टरीत, म्हणजे पूर्वीच्या पाद्र्याच्या घरात, चार पिढ्या राहिलेलं घराणं, पण दाखल्यावर स्टॅनवेलच.

नियमात बसणारा दाखला एकच निघाला. पबमध्ये स्वयंपाक करणाऱ्या माग्दा पिएत्राशची मुलगी हान्ना, वय तीन महिने. जानेवारीत बर्फानं चढावर रुग्णवाहिका अडकली आणि पोर गावच्या सभागृहात, रचून ठेवलेल्या खुर्च्यांच्या मागं जन्मली. पाणी विनिफ्रेडनं तापवलं होतं. माग्दाला मी विचारलं, अर्ज का केलास? ती म्हणाली, "गावाचा कागद आला की मी भरते, बाई. न भरल्यावर काय होतं ते मला माहीत नाही."

मी सगळं घेऊन मेजरांकडे गेले.

"म्हणजे सातही जागा या पोरीच्या?" मेजर ओरडले.

"मागितल्या तर. सध्या ती फक्त दूध मागते."

"हेस्टर, मी अस्सल इथला आहे! आईला फक्त चार दिवस नेलं होतं!"

"त्या चार दिवसांतच नेमकं झालं ना, मेजर."

मे महिन्यात खास सभा बोलावली. मेजरनी दुरुस्ती आणली: स्टॅनवेलचं प्रसूतिगृह, जन्मापुरतं, विदरफर्ड गावाचा भाग समजावं. ते प्रसूतिगृह वीस वर्षांपूर्वी पाडलं आणि आता तिथं एका मोठ्या दुकानाचा वाहनतळ आहे. परक्याची हाडं नकोत म्हणणारे लोक अकरा मैलांवरचं डांबर गावात घ्यायला निघाले होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माणूस बोलून दाखवत नाही, ठराव करून दाखवतो.

"मग तिथं गाडी लावली तर ती गावातच लावली म्हणायची का?" लेननं विचारलं.

"विषयाला धरून बोला, मॉक्सन," मेजर म्हणाले. हात वर जायला लागले.

तेवढ्यात विनिफ्रेड हात पुसत पुढं आली. "मेजर, मी स्निथबीत जन्मले. आईच्या स्वयंपाकघरात. ते पण धरता का?"

मेजरनी आवाज मऊ केला. "विनिफ्रेडबाई, तुमच्याबद्दल इथं सगळ्यांना आदर आहे. पण याला काही हद्द हवी की नको?"

"हवी ना." तिनं स्वेटरच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. "मग मी सिरिलला घेऊन जाते."

"कुठं?"

"स्निथबीला. त्यांच्या पंचायतीनं शेजारीशेजारी दोन जागा दिल्यात. ऊन चांगलं येतं तिथं. इथून काढून न्यायचा सरकारी अर्ज हेस्टरनं भरून दिलाय."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी मान खाली घातली नाही. अर्ज भरून देणं हे चिटणिसाचं कामच आहे.

"बाकसुद्धा ठेवणार आहेत," विनिफ्रेड सांगत होती. "त्यावर पाटी. 'सिरिल टॅरंट, स्निथबीकर.'"

सभागृहात जो गलका झाला तो मी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली भाजीपाल्याच्या प्रदर्शनात स्निथबीनं आमच्याकडून कोबीचा करंडक नेला, त्याबद्दल लोक अजून आवाज उतरवून बोलतात, आणि आता सिरिल!

"सिरिल त्यांना? त्या कोबीचोरांना?" लेन खुर्चीवर चढला होता. "माझ्या बापाच्या अंत्यविधीला घंटा वाजवली त्यानं!"

"अहो, मुखपृष्ठावर आहे तो!" मेजर म्हणाले. "चारशे प्रती छापल्यात!"

चार मिनिटांत ठराव झाला. एवढ्या झपाट्यानं आमच्या पंचायतीनं आगीचा बंबसुद्धा मागवलेला नाही. स्टॅनवेलचं प्रसूतिगृह आणि स्निथबीतलं विनिफ्रेडच्या आईचं, म्हणजे कैलासवासी मिसेस विल्मॉट यांचं, स्वयंपाकघर, दोन्ही गावात आली. मेजर रुमालानं कपाळ पुसत मला सांगू लागले, "लिहा. श्रीमती टॅरंट या विदरफर्डमध्येच जन्मल्या, असं समजावं."

मी लिहिलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण किती उदार आहोत, या विचारानं दोघा-तिघांचे डोळेही ओले झाले.

"हेस्टर, ते खोड," विनिफ्रेड म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"माझी आई स्निथबीची होती. त्या स्वयंपाकघरात तिनं पाच पोरं वाढवली. मला जागा मिळावी म्हणून मी तिची चूल तुमच्या गावात हलवू देणार नाही." तिनं तो घडीचा कागद वर धरला. "जन्माला येण्यात माझं काय कर्तृत्व, मेजर? तेवढं तर तुम्हालाही जमलं. इथं बासष्ट वर्षं राहिले, ते मात्र मी राहिले. ते लिहा. त्यावर जागा देत असाल तर घेते. नाहीतर हा कागद उद्याच्या टपालात."

लेन खुर्चीवरून खाली उतरला.

मी ओळ खोडली. वर लिहिलं: श्रीमती टॅरंट यांना जागा, इथं राहिल्या म्हणून. मला रडू येत होतं, त्यामुळे अक्षर वाकडं आलं. मग वही मेजरांपुढं फिरवली. ते बराच वेळ खिशात पेन शोधत राहिले, शेवटी मी माझं दिलं आणि त्यांनी सही केली.