टेकडीपलीकडच्या गाई

मित्रांनो, आधी नुसतं ऐका, मध्ये बोलू नका, नाहीतर मी कुठे होतो तेच विसरतो.

मी एक कुत्रा आहे, टिप माझं नाव. म्हातारा वगैरे नाही, पण गाई वळण्यात अमेरिकेतल्या आमच्या मोंटानाच्या त्या कोपऱ्यात माझी वाहवा होती. ओरिन टॉफ्टने मला कोटाच्या खिशात घालून आणलं तेव्हा माझे डोळे नुकते उघडले होते. त्याने लांब शिट्टी दिली की टेकडीला वळसा घालून गाई आणायच्या, आखूड दिली की थांबायचं. बस, एवढंच. पण मला थांबवत नाही. मी बसलो तरी माझे पाय बसत नाहीत.

आमच्याकडे कुणाला "गाई किती?" असं विचारत नाहीत. ते म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घातल्यासारखं. एखाद्या नवख्याने विचारलंच तर ओरिन म्हणायचा, "काही टेकडीच्या अलीकडे, काही पलीकडे." सगळे हसायचे.

मी लहान होतो तेव्हा गाई इतक्या, की सगळ्या फाटकातून घालेपर्यंत माझी जीभ लोंबायची. मग ओरिनची बायको गेली, पाठोपाठ त्याचे गुडघे गेले, आणि लांबच्या बाजाराचा ट्रक यायला लागला. दर खेपेला गाई कमी. विचारायचंच नाही म्हटल्यावर कळणार कुणाला? लोकांच्या लेखी तो मोठा आसामीच राहिला. मी मात्र कोंबड्या वळायला लागलो आणि शिव्या खाल्ल्या.

मग ती कोरोनाची साथ आली. कत्तलखाने बंद, जनावरांना गिऱ्हाईक नाही. सरकारने जनावरामागे मदत द्यायचं ठरवलं. आमची शेजारीण मार्लिस सरकारी कचेरीत होती. कचेरीचं दार बंद, म्हणून ती मास्क लावून आवारातच एकेका गाडीपाशी यायची.

"ओरिन, मलाच कसंतरी होतंय, पण सरकार विचारतंय. किती?"

"काही टेकडीच्या अलीकडे..."

"सरकारला टेकडी कळत नाही रे. आकडा बोल."

पलीकडच्या गाडीतले शेजारी काच खाली करून बसले होते. ओरिनच्या तोंडून निघून गेलं, "एकशेवीस."

मी सीटवर कान टवकारले. घरी चाळीससुद्धा नव्हत्या.

आणि काही दिवसांनी मार्लिसचा फोन. "वरून हुकूम आहे, काही ठिकाणी जाऊन बघायचं. तुझं नाव निघालंय." ओरिनने आपलं ताट माझ्यापुढे सरकवलं. "टिप, उद्या तुला पळवणार आहे."

दुसऱ्या दिवशी मार्लिस गाई मोजायला फाटकाशी उभी राहिली. लांब शिट्टी! गाई तिच्यासमोरून गेल्या, टेकडीआड झाल्या, आणि मी त्यांना ओढ्यातून घालून पुन्हा त्याच फाटकाशी आणलं. कितीतरी दिवसांनी काम! मी नुसता उधळलो होतो. थंडीने कान झडलेली आमची एक लाल गाय दुसऱ्यांदा मार्लिसजवळून गेली, तिच्याकडे बघत.

मार्लिसने गाईकडे बघितलं, मग माझ्या ओल्या पोटाकडे. "ओरिन, तुझा कुत्रा भिजलाय."

ओरिनने तोंडात बोटं घातली. मग पुन्हा लांब शिट्टी.

मी टेकडीआड पोचलो तर ओढ्यात एक वासरू घसरलं. उठलं, पण पाय टेकवेना. शिट्टी पुन्हा आली, लांबच, पण बारीक, घाईची. आणि मित्रांनो, मी खाली बसलो. मी! गाई चरायला लागल्या.

बऱ्याच वेळाने ओरिन लंगडत टेकडीवर आला, मागे मार्लिस. त्याने वासराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"एवढ्याच आहेत," तो म्हणाला.

"मला वाटलंच होतं," मार्लिस म्हणाली. "तुझ्याकडचं हंबरणं हल्ली ऐकू येत नव्हतं. गाई किती ते नाही, पण कसा आहेस, ते तरी आम्ही विचारायला हवं होतं."

मदत होत्या तेवढ्या गाईंचीच आली, हिवाळ्याच्या चाऱ्यापुरती. वासरू आता दुडदुडतं. मार्लिस ॲपल पाय घेऊन येते, कडेचा तुकडा मला. ओरिन मला हाक मारतो, मानेला खाजवतो. पण शिट्टी? त्या दिवसापासून नाही. मी अजून दारात उभा असतो, टेकडीकडे तोंड करून.

शिट्टी लांब होती आणि वासरू लंगडत होतं. सांगा ना, तुम्ही माझ्या जागी असतात तर उठला असतात?