गाडीकडे पाठ करून

जीपखाली उताणा पडलेल्या रतनने पुढच्या डाव्या चाकामागे हात घातला आणि ब्रेकचा रबरी पाइप बोटांत धरला. चाक हवेत लोंबत होतं आणि पाइप कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणलेला होता. त्याने तो दाबून पाहिला. जराही ढिला नव्हता.

स्प्रिंगचे नवे पाटे बसवून झाले होते. गाडी चार इंच उंच झाली होती. ब्रेकचा पाइप मात्र जुनाच, जुन्या उंचीच्या मापाचा. मोबाईलवर पाहिलेल्या तिन्ही व्हिडिओंत याबद्दल कुणी बोललं नव्हतं. की बोललं होतं आणि त्यानेच तेवढा भाग पुढे सरकवला होता, हे आता त्याला आठवेना.

गाडी चालवायची ती वनिता, त्याची बायको. गडावर आलेली माणसं आणि पालीच्या वरच्या वाडीतले लोक यांची ने-आण ती तीन वर्षं करत होती. वाडीच्या वाटेवर दगड गाडीच्या पोटाला घासायचे, म्हणून ही उंची वाढवायची टूम. रतनचे वडील कुंडलिक कापूरहोळच्या एका गॅरेजात तीस वर्षं मिस्त्री होते. गाडी तिकडे न्या, असं त्यांनी सांगून पाहिलं. रतनने ते हसण्यावारी नेलं आणि घरीच करून दाखवतो म्हणून अर्ध्या आळीत मिरवून आला.

उद्या सकाळी वाडीतल्या नऊ म्हाताऱ्या बायकांना डोळे तपासायला भोरला न्यायचं होतं. वाडीखालचा ओढा उतरताना पुढचं एक चाक हमखास अधांतरी व्हायचं. चाक लोंबलं की पाइप ताणणार, कधीतरी तुटणार, आणि ओढ्यापलीकडचा सगळा उतार ब्रेकवाचून. लांब पाइप पुण्याहून यायला दोन दिवस तरी लागले असते. रतनला हे सगळं स्वच्छ दिसलं. तरी वनिताने बाहेरून झालं का म्हणून विचारल्यावर तो म्हणाला,

“झालं.”

जॅक उतरवला, चाकं जमिनीला टेकली. गाडीचं वजन येताच पाइपला बाक आला. आता वाकून बघणाऱ्यालाही काही कळलं नसतं. रतनला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच भीती वाटली.

कुंडलिक काठी टेकत आले. त्यांच्या गॅरेजात एक रीत होती. ज्याने गाडी खालून खोलली, त्याने पहिल्या चाचणीला उताराच्या तळाशी गाडीकडे पाठ करून उभं राहायचं. चालवणाऱ्याने वरून गाडी सोडायची आणि त्याच्यामागे दोन हातांवर थांबवायची. तोंड गाडीकडे असलं तर माणूस उडी मारतो, म्हणून पाठ. नवे कामगार या रीतीला शिव्या घालत, पण तिथे कुणी नट अर्धवट पिळून सोडत नसे.

“हुबा ऱ्हा,” ते म्हणाले.

वनिताने नको नको म्हणून पाहिलं. उद्या त्या नऊ जणींना तूच घेऊन बसणार आहेस ना, असं सासऱ्यांनी विचारल्यावर ती गाडीत चढली. रतन घरासमोरच्या उताराच्या तळाशी जाऊन उभा राहिला.

इंजिन सुरू झालं. टायरांखाली खडी करकरली आणि आवाज जवळ येत गेला. आणि दुपारपासून पहिल्यांदाच रतनची भीती गेली. इथला उतार सरळ, चारही चाकं जमिनीवर. ब्रेक लागणारच. समोरच्या बांधावर एक बगळा उभा होता, त्याच्याकडे तो बघत राहिला. गाडी थांबली तेव्हा इंजिनाची ऊब त्याच्या पाठीला लागली.

वनिता खाली उतरली ती दाराला धरूनच. मग ती हसली, ब्रेक एक नंबर लागतोय म्हणाली, आणि सहाला निघू असं कळवायला, त्या बायकांना गोळा करणाऱ्या वाडीतल्या भिमाचा नंबर शोधू लागली.

कुंडलिक मुलाजवळ आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“भ्याला न्हाईस?”

“भरवसा हुता, आबा.”

“तीस वर्सं म्या आसा हुबा ऱ्हायलो. दर डावाला पाय लटलटायचे. सोताच्या हातावर येवढा भरवसा कुनाचाबी नसतो.” म्हाताऱ्याचा आवाज खाली आला. “हितं काय हुनार न्हाई, हे तुला ठावं हुतं. मग कुठं हुनार हाय?”

वनिताने फोन कानाला लावला होता. पलीकडे घंटी वाजत होती.

“फोन ठेव,” रतन म्हणाला. “ब्रेकचा पाइप तोकडा पडतोय. ओढ्यात चाक लोंबलं का तुटंल.”

तिने फोन बंद केला. त्या ओढ्यातला दगडन् दगड तिच्या ओळखीचा होता, तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

“म्या इचारलं तवाच ठावं हुतं?”

रतनने होकाराची मान हलवली.

“आन् आबांनी इचारलं नसतं तर? सकाळी गाडी काढूस्तवर सांगितलं असतंत?”

व्हय म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण त्याची त्यालाच खात्री नव्हती.

दुसरी गाडी बघा म्हणून सांगायला वनिताने भिमाला पुन्हा फोन लावला.