चिंचेखालची गोदा

हिवरवाडीत चिंचेखालचं भूत पाहिलेला एकही गडी नव्हता आणि त्याला न भिणाराही एक गडी नव्हता. रंगनाथ गुरुजींचं डोकं उठलं होतं ते याच गोष्टीनं.

आधी त्यांनी भुजंगाला विचारलं. भुजंग म्हणाला, "मी न्हाई बा पाहिलं. व्यंकटीनं पाहिलंय." व्यंकटी म्हणाला, "मी कशाला बघतोय? माझ्या मेव्हण्यानं पाहिलंय, पेडगावच्या." झालं. गुरुजी रविवारची सुटी मोडून, दोन एसट्या बदलून पेडगावला गेले. मेव्हणा कापूस वेचायला रानात गेलेला. दोन तास बांधावर बसून त्याला गाठला, तर तो म्हणतो, "मला तर व्यंकटीनंच सांगितलं की वो." परतताना एसटीत बसायला जागा मिळाली नाही आणि कुणाच्या तरी पिशवीतली कोंबडी जिंतूर येईपर्यंत त्यांच्या पोटरीला चोच मारत होती. आता बोला.

एवढी यातायात कशासाठी, तर शाळेच्या खोलीसाठी. शाळा भरायची मारुतीच्या देवळात. गावातली पोरं आत सभामंडपात बसायची आणि बौद्ध वस्तीतली पोरं बाहेर पायऱ्यांवर, उन्हात. गुरुजी स्वतः बौद्ध, राहायला वस्तीतच. म्हणजे शिकवणाऱ्यालाही आत जायची सोय नाही. उंबऱ्याशी उभं राहून एक धडा आत बघून सांगायचा, तोच बाहेर बघून सांगायचा. तीन वर्षांत त्यांची मान धरली ती धरलीच. किती अर्ज केले, किती वेळा तालुक्याला खेटे घातले, तेव्हा कुठं चौऱ्याहत्तर साली खोली मंजूर झाली. शुक्रवारी ओव्हरशियर जागा बघायला येणार होते. त्या दिवशी जागा ठरली नाही तर खोली शेजारच्या गावाला जाणार, हे त्यांनी आधीच कळवलं होतं.

गावठाणाच्या जागा दोनच. एक चावडीशेजारी, पण तिच्यावर सरपंच माणिकरावांच्या कडब्याच्या गंज्या इतकी वर्षं उभ्या होत्या की ती त्यांच्या बापाचीच वाटायची. दुसरी गाव आणि वस्तीच्या मधोमध, जुन्या चिंचेची, भोवती घाणेरीचं रान माजलेली. माणिकरावांनी मोठ्या मनानं चिंचेची जागा देऊन टाकली.

"जागा दिली बगा, गुरुजी. भुताचं तेवढं तुमी निस्तरा," म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसले. चिंचेखाली कुणी पाया खणायला येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गवंडी आत्ताच नाही म्हणून बसला होता.

गुरुजींचं पित्त खवळलं. छप्पन साली त्यांच्या बापानं घरातले देव पूर्णा नदीत सोडले, त्या दिवशी देवांबरोबर भुतंही वाहून गेली, असं ते वर्गात सांगायचे. त्यांनी वही काढली आणि साक्षी लिहायला घेतल्या. कुणी म्हणे पांढरं पातळ, कुणी म्हणे हिरवं. कुणी म्हणे मुंडकं नाही, कुणी म्हणे केस गुडघ्यापर्यंत. अहो, मुंडकं नाही तर केस कुठून आले? विचारलं की म्हणायचे, तुमी शिकलेली माणसं, तुमाला न्हाई कळायचं. बरं, प्रत्येकाची साक्ष शेवटी घरातल्या बाईवर जाऊन थांबायची. कुणाला आईनं सांगितलेलं, कुणाला बायकोनं.

"बायकाच भित्र्या, दुसरं काय," गुरुजी रात्री जेवताना वैतागून म्हणाले.

त्यांची बायको सत्यशीला भाकरी थापत होती. तिनं भाकर उलथली आणि दुसरा उंडा घेतला.

बुधवारी दिवस मावळायच्या आत गुरुजी जाऊन चिंचेखाली बसले. गावाला सांगून बसले, म्हणजे उद्या कुणी फाटे फोडायला नको. माणसं लांब चावडीपाशी उभी राहून बघत होती. उजेड उतरला, तशी तीही पांगली.

थोड्या वेळानं घाणेरीत बांगड्या वाजल्या. गुरुजी हलले नाहीत. मग एक बारका खडा येऊन पायाशी पडला. मग दुसरा. गुरुजींना भीती वाटली नाही असं म्हणणं खोटं होईल. पण राग भीतीपेक्षा जास्त होता. कोण टारगट आहे ते बघूनच जायचं, म्हणून ते मांडी घालून बसून राहिले. आता झाडीत काहीतरी पांढरं हललं. कुजबुज झाली. तिसरा दगड चांगला मुठीएवढा आला आणि खांद्याला लागला.

"कोण आहे तिकडं?" गुरुजी ओरडले.

"अहो, उठा की आता," झाडीतून आवाज आला. "बाया कवाच्या ताटकळल्यात."

आवाज सत्यशीलेचा होता.

गुरुजी उठले. डोळे अंधाराला सरावले होते. घाणेरीच्या या अंगाला गावातल्या बाया उभ्या होत्या, त्या अंगाला वस्तीतल्या, मध्ये दहा हात अंतर ठेवून. सगळ्यांच्या हातात टमरेलं. एक पोटुशी पोर कंबर धरून खाली बसली होती. कुणीच वर बघत नव्हतं. गुरुजींनी खाली मान घातली आणि जे चालत सुटले ते घरी येऊन थांबले. तीन वर्षं आपली बायको रोज कुठं जाते, हे आपण एकदाही विचारलं नाही, ही गोष्ट त्यांना चपलेतल्या काट्यासारखी वाटभर टोचत राहिली.

सत्यशीला मागून आली. हातपाय धुतले आणि चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. ते तिलाही इथं राहायला आल्यावर सुलाबाईनं, वस्तीतल्या म्हातारीनं, शपथ घालून सांगितलेलं.

आधी चिंचेखाली गडीमाणसं पत्ते कुटत बसायची, दुपारपासून पार जेवणवेळेपर्यंत. बायांना आडोसा तेवढाच, आणि त्यावर ही बसलेली. मग बायांनी दिवसभर कळ काढायची आणि अंधार पडला की ओढ्यापलीकडं जायचं. गावातल्या छबूबाईची पोर गोदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. तिला सारखं जावं लागे. नवऱ्यानं सेलूच्या बाजारातून नव्या वाहाणा घेऊन दिलेल्या, पण बसलेल्या माणसांसमोरून बाईनं वाहाणा घालून जायचं नाही, ही गावची रीत. म्हणून ती वाहाणा घरी ठेवून अनवाणीच ओढ्याला गेली. तिथं तिला पान लागलं. साप म्हणायचं नाही, पान म्हणायचं. दिवस उगवायच्या आत गेली, पोटातल्या लेकरासकट.

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी छबूबाई केस सोडून चिंचंखाली गेली," सत्यशीला म्हणाली. "पत्ते खेळणाऱ्यांना मनली, माझी गोदा हितं येऊन बसलीया, तुमाला दिसंना का? गडी पळाले ते सात वर्षं फिरकले न्हाईत. बाकीचं मग आमी बायांनीच वाढवलं. जिच्या तिच्या घरी, जिला जसं सुचलं तसं."

"अगं, मग मला आधी का नाही सांगितलंस?" गुरुजी कळवळून म्हणाले.

"सांगून तुमी काय केलं असतं? वहीत लिहिलं असतं." ती जराशी थांबली. "तुमी शुक्रवारी खरं तेच सांगा. खोली पायजेच. आपली पोरं उन्हात बसतात ते मला बी दिसतंय. फकस्त बायांनी कुठं जायचं, ते बी तिथंच इचारा."

हे विचारणं म्हणजे काय, हे तिलाही कळत होतं. भरल्या सभेत हे बोललं तर गडी हसतील, बाया मेल्याहून मेल्यासारख्या होतील, आणि दुसऱ्या दिवसापासून चिंचेखाली पुन्हा पत्ते. गुरुजींना दोन रात्री झोप नाही. सगळ्यांचा राग आला. माणिकरावांचा आला, त्या पत्ते कुटणाऱ्यांचा आला, आणि स्वतःच्या त्या वहीचा तर फारच आला.

शुक्रवारी चावडीपुढं सभा भरली. ओव्हरशियर खुर्चीवर, गडी पुढं, बाया मागं भिंतीला. वस्तीतली माणसं कडेला वेगळी बसलेली. त्यांत आश्रुबा होते, वस्तीचे वडीलधारे. गुरुजींच्या शिक्षणाचं त्यांना भारी कौतुक.

माणिकराव म्हणाले, "गुरुजी, तपास तुमी केला. सायबांसमोर सांगा, चिंचंखाली भूत हाय का न्हाई?"

गुरुजींनी पायऱ्यांवर बसणारी पोरं आठवली आणि कंबर धरून बसलेली ती पोरही.

"आहे," ते म्हणाले. "मी पाहिलं. बांगड्या वाजल्या. दगड आले, हा खांदा अजून दुखतोय. मला ऊठ म्हणाली, मी उठलो. तिथं शाळा होणार नाही."

यातलं अक्षरही खोटं नव्हतं, पण ते कळणारी माणसं भिंतीला पाठ लावून गप बसली होती. ओव्हरशियरांनी चष्मा काढला.

"तुम्ही शिक्षक ना हो?" एवढंच म्हणाले. आश्रुबा उठून उभे राहिले. "देव सोडले आन् भूत धरलंस व्हय रं," म्हणाले आणि वस्तीकडे चालू लागले. माणिकराव मात्र खुशीत आले होते. म्हणजे खोली गेली शेजारच्या गावाला.

तेवढ्यात मागून छबूबाई उठली. पदर खांद्यावर घसरला तरी तिनं सावरला नाही.

"माणिकराव, पहाटं गोदा माझ्या सपनात आली," ती म्हणाली. "मनली, आई, शाळंवाले माझी जागा मोडायलेत. मोडली तर मी उठून जाईन. मी मनलं, कुठं जाशील बाई? तर मनली, सरपंचमामाच्या कडब्यात."

माणिकरावांचा चेहरा पडला. त्यांची सूनही पोटुशी होती आणि घर कडब्याला लागून.

"साहेब," शेवटी ते खाकरून म्हणाले, "चावडीपाशी बी एक जागा हाय म्हना."

दुपारपर्यंत गंज्या हलल्या आणि ओव्हरशियर टेप लावून जागा मोजून गेले. जाताना त्यांनी गुरुजींकडे पाहिलंसुद्धा नाही. आश्रुबांनी तर बोलणंच टाकलं. गुरुजी घरी चिडचिड करत राहिले, की खोली मिळाली आणि अब्रू गेली, आता पोरांना कुठल्या तोंडानं सांगू भूत नसतं म्हणून.

रविवारी छबूबाई वस्तीत आली. आजवर तिनं इथं पाय ठेवला नव्हता. अंगणात उभी राहिली. सत्यशीलेनं पोतं अंथरलं, तशी बसली.

"गुरुजी, तुमी सभेत मनलात, पाहिली मनून."

गुरुजींनी मान हलवली.

"सात वर्षं मी लोकांना सांगायले, हितं बसलीया, हितं बसलीया. पर मला एकदाबी दिसली न्हाई." ती पदराचं टोक पिळत होती. "तुमी शिकलेले. खोटं बोलत न्हाई मनत्यात. मनून इचारायला आले. पायात वाहाणा होत्या का वो तिच्या?"

गुरुजींनी सत्यशीलेकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"होत्या," गुरुजी म्हणाले. "नव्या होत्या."

"बरं झालं," छबूबाई म्हणाली, आणि सत्यशीलेनं पुढं केलेला तांब्या दोन्ही हातांनी घेऊन पाणी प्यायली.